खोटा आकडा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आले बाई एकदाची! दोन बॅगा, एक उशी, मोडक्या दांड्याची छत्री आणि ही वही, एवढा संसार घेऊन नव्या गावात दाखल झाले. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीखाली सायकलदुरुस्तीचं दुकान, त्यामुळे दिवसभर पंक्चर काढल्याचे सुस्कारे ऐकू येतात. नळाला पाणी येतं, दाराला कडी लागते, आणखी काय हवं माणसाला!

वही ताईने निघताना हातात कोंबली. पहिल्याच पानावर तिने लिहून ठेवलंय की खरं तेवढंच लिही, खोटं लिहिलंस तर कान पिळीन. ताई म्हणजे मावशीची मुलगी. सख्खी नाही, पण सख्खीच्या वर. माझी आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. मावशीने मला उचललं ते थेट ताईच्या शेजारी आणून निजवलं. माय मरो पण मावशी उरो म्हणतात, माझ्या बाबतीत ते शब्दशः झालं. मावशीला जाऊन आता आठ महिने होतील. राहिलो आम्ही दोघी.

आज कामाचा पहिला दिवस. प्रयोगशाळा लहानशीच आहे. सगळ्यांच्या वरच्या त्या बाई. सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणतात. उंच, हळू बोलणाऱ्या, चपला न वाजवता मागे येऊन उभ्या राहणाऱ्या. आणि मायक्रोस्कोप सांभाळणारा दाढी. दाढी इतकी, की चहा पिताना कप आत हरवतो. त्याने मला सगळं फिरून दाखवलं आणि शेवटी ‘काळ्या खोलीत’ नेलं. भिंती काळ्या, दाराला जाड काळा पडदा, भरदुपारी आत स्वतःचा हात दिसत नाही. मी दोनदा स्टुलाला अडखळले. दाढी म्हणाला, स्टूल रोज एकाला चावतं, आज तुझी पाळी.

मजा आली. खरंच मजा आली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

काम समजलं. ताईला समजेल असं लिहिते, कारण ती कधीतरी ही वही मागणारच.

पेशीच्या पोटातून सतत निरोप निघत असतात, अमुक बनव, तमुक थांबव. तो निरोप म्हणजे आरएनए. पोचला, काम झालं, की काही तासांत विरघळून जातो. तो जिवंत पेशीत जाता-येता पकडायचा तर आम्ही आत एक प्रोब सोडतो. इवलासा धागा, केसांच्या आकड्यासारखा स्वतःवरच दुमडलेला. एका टोकाला हिरवा रंग, दुसऱ्या टोकाला तो रंग गिळून टाकणारं झाकण. आकडा मिटलेला असतो तोवर काळोख. जुळणारा निरोप भेटला की आकडा उघडतो, झाकण बाजूला होतं आणि हिरवा उजेड पडतो. मग कॉम्प्युटर उजळलेल्या पेशी मोजून खाली आकडा दाखवतो. त्यामुळे इथे दिवसभर ‘आकडा उघडला का’ आणि ‘आकडा किती आला’ चालू असतं. बाहेरच्याला वाटेल सट्ट्याचा अड्डा आहे.

प्रत्येक खेपेला एका वेगळ्या डिशमध्ये ‘खोटा आकडा’ घालतात. त्याची अक्षरं मुद्दाम अशी उलटसुलट केलेली, की तो कुठल्याच निरोपाला जुळत नाही. तिथे कायम शून्य आलं पाहिजे. खोट्याचं शून्य आलं तरच खऱ्यांवर विश्वास ठेवायचा, हा बाईंचा नियम. आज माझ्या हातून शून्य आलं. शून्य मिळवून इतका आनंद मला शाळेत कधी झाला नव्हता.

मी आधी नोकरीला होते त्या हॉस्पिटलात आम्ही मेलेल्या पेशी बघायचो. रुग्णाचं रक्त घ्यायचं, पेशी काचेवर चिकटवायच्या, आजाराचा निरोप आत आहे का ते प्रोबने बघायचं. चमकलं तर आजार, नाही तर स्वच्छ. इथल्या पेशी जिवंत आहेत. सरपटतात, अंग चोरतात, दोनाच्या चार होतात. मी तासभर नुसती बघत बसले.

एक गोष्ट सांगायची राहिली. प्रत्येक फोटोत थोडी फसवी चमक असतेच. काचेची, धुळीची, कशाचीही. तिला बॅकग्राउंड म्हणतात. स्क्रीनवर एक पट्टी असते, ती ओढली की तेवढी चमक वजा होते. फार ओढली तर खरा, पण मिणमिणता उजेडही जातो. हॉस्पिटलात माझं नाव ‘कात्री’ होतं, इतकं सफाईने मी बॅकग्राउंड कापायचे. आज मी पट्टी ओढल्यावर दाढी म्हणाला की अगं, जरा हळू, पेशी आहेत, दुधावरची साय नव्हे. आणि बाई मागून येऊन म्हणाल्या की मूळ फोटोला हात लावायचा नाही, नक्कल काढायची आणि काय कापाकापी करायची ती नकलेवर. हॉस्पिटलात जागेची मारामार, आम्ही कापलेलाच फोटो मुळावर ठेवून द्यायचो. हे मी त्यांना सांगितलं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

चष्मेवालीचा फोन. हॉस्पिटलात ती आणि मी चार वर्षं एका टेबलावर होतो. आता तिथे माणसंच नाहीत म्हणे, सहा रुग्णांचे फोटो अडलेत, तिथल्या कॉम्प्युटरवर इथून बसून बघून देशील का, तुझ्याइतका डोळा कुणाचा नाही. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला तिला बरोब्बर येतं. मीही चढले. जेवणानंतर पाऊण तासात सहाही उरकले, नंबर ४१२ पासून ४१७ पर्यंत. ४१७ मध्ये कडेला चिमूटभर चमक होती. हात सवयीने गेला, पट्टी ओढली, साफ. सहाही स्वच्छ म्हणून कळवून टाकलं. एवढं केल्याबद्दल बिस्किटाचा पुडा तरी पाठव म्हटलं.

संध्याकाळी ताईशी बोलले. आवाज दमलेला वाटला. जिने चढून धाप लागते म्हणाली. मी म्हटलं, वय झालं तुझं. तिने मला माझं वय ऐकवलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज खोटा आकडा उघडला.

शून्य यायचं तिथे ४१७ पेशी चमकल्या. दाढीला वाटलं, मी डिशची अदलाबदल केली. मला राग आला, मी काही कालची पोर नाही. मग दोघांनी मिळून झाकणावरची नावं तपासली. बरोबर होती. म्हणाला, धुण्यात काहीतरी राहिलं असेल, सोडून दे. बाईंनी विचारलं तर मी सांगितलं की प्रयोग फसला, सोमवारी परत करते. तेही खरंच आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सगळं नवं घेतलं. नवी डिश, नवं पाणी, नवे हातमोजे. खोट्याचा आकडा ४१७.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, मान्य. पण तोच कावळा त्याच फांदीवर दोनदा?

दाढीने सुचवलं की दर पाच मिनिटांनी एक फोटो घेऊन ते पळवून बघू. बघितले. बाकीच्या पेशी सरपटत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या. चमकणाऱ्या जागच्या हलत नव्हत्या. पट्टी ओढली. बाकीच्या पेशी पुसट झाल्या, गेल्या. कडा गेल्या. पट्टी टोकाला टेकली तेव्हा स्क्रीनवर ते हिरवे ठिपके तेवढे उरले. तेव्हा दाढी चहाला गेला होता. मी त्याला दाखवलं नाही. का दाखवलं नाही, मला माहीत आहे, पण ते इथे लिहिण्याइतकी हिंमत आज नाही.

बाईंनी खोटा आकडा नव्याने मागवला आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

खरं तेवढंच लिही, असं ताईने लिहून ठेवलंय. घे मग.

मावशीला रक्ताचा आजार होता. पहिल्यांदा औषधांनी आटोक्यात आला होता. मग दर चार महिन्यांनी रक्त तपासायचं, परत डोकं वर काढतोय का ते बघायला. नात्यातल्या माणसाचा नमुना आपण बघायचा नाही, असा हॉस्पिटलचा नियम होता. मावशी म्हणाली, नियम गेला चुलीत, तूच बघ, माझा तुझ्या डोळ्यावर भरवसा. मी बघितलं.

अकरा पेशी चमकत होत्या. हजारो पेशींत अकरा, मिणमिणत्या. मला माहीत होतं ते काय आहे. चार वर्षं दुसरं काय केलं होतं मी? पण बाहेर बाकावर मावशी बसली होती. पर्स मांडीवर घेऊन, नवी साडी नेसून, आपण पास होणार अशी खात्री असलेल्या मुलीसारखी. मी मनाला सांगितलं, बॅकग्राउंड असेल, काच नीट धुतलेली नसेल, पुढच्या वेळी बघू. पट्टी ओढली. अकराच्या अकरा गेल्या. तोच फोटो मुळावर ठेवून दिला आणि बाहेर येऊन तिला मिठी मारली.

तिने त्या दिवशी वाटेत भेटेल त्याला सांगितलं, अगदी जिना झाडणाऱ्या बाईलाही. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी आजार परतला तो सगळं व्यापूनच. डॉक्टर म्हणाले, मागच्या खेपेला दिसलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं. ताईने तेव्हा माझ्याकडे बघितलं. संशयाने नव्हे. आधाराला.

आणि मावशी काय म्हणाली? शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून म्हणाली की मशीनचं चुकलं असेल गं, तू का अशी कोमेजलीस, तुझा काय दोष! मी हात धरून बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणूनच तर ते गाव सोडलं. चांगली नोकरी मिळाली वगैरे सगळ्यांना सांगायला.

मावशी, चुकले गं मी.

सोमवार, २४ फेब्रुवारी

नवा आकडा आला. बंद पाकिटातून, मीच फोडलं. ४१७.

मग एकटीने एक प्रयोग केला. डिशमध्ये पेशीच घातल्या नाहीत. नुसतं पाणी. ४१७.

मग रिकामी डिश. कोरडी.

४१७.

दाढीला हाक मारली. तो स्टुलावर बसला, त्याने बघितलं, म्हणाला शून्य आहे की. मी त्याच्या खांद्यावरून बघितलं, तिथे ४१७ होतं. तो हळूच म्हणाला की दोन दिवस सुट्टी घे, डोळ्यांवर ताण आलाय. चांगला माणूस आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनातलं हिरवं आहे.

बुधवार, २६ फेब्रुवारी

सुट्टी घेतली नाही. घरी बसून काय करू, पंक्चर ऐकू?

निरोप काही तासांत विरघळतो, हे मी ताईसाठी लिहून ठेवलंय तीन आठवड्यांपूर्वी. तेरा तारखेची डिश मी टाकली नव्हती, फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात लपवली होती. आज काढली. पेशी कधीच्या मेल्यात, सुकून त्यांची पापडी झालीय. उजेड तसाच. विरघळलेला नाही.

काळ्या खोलीत पाणी सांडलं म्हणून हातमोजे काढले तर माझी नखं दिसली. त्या अंधारात काहीच दिसायला नको. दहाही नखांच्या मुळाशी बारीक हिरवी रेघ. साबण लावला. ब्रश घासला, रक्त येईपर्यंत. बाहेर उजेडात काही दिसत नाही. आत गेलं की परत तेच.

आता दिवसभर हातमोजे घालून बसते. खाई त्याला खवखवे. बाईंनी विचारलं, हाताला काय झालं. साबण सोसत नाही म्हटलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा पडदा ओढून आत बसले आणि मोठ्याने बोलले. कुणाशी, ते लिहायला नको. सगळं सांगितलं. अकरा पेशी, बाक, साडी, मिठी. हात जोडले, रडले, नाक पुसायला रुमालही नव्हता. म्हटलं, मला काय शिक्षा करायची ती कर, पण ही चमक माझ्यामागे लावू नकोस.

वाटलं, आता विझेल.

वाढलं. स्क्रीनचा उजेड इतका वाढला, की काळ्या भिंतीवर माझी सावली पडली. आकडा तोच. एकाने कमी नाही, एकाने जास्त नाही.

तिला माझी माफी नकोय. मग काय हवंय? अकरा पेशी मी कापल्या, मग अकरा का नाहीत? हे चारशे सतरा कुठून काढले तिने?

सोमवार, ३ मार्च

ताईचा फोन आला, एक चांगली बातमी म्हणून. मावशीचा आजार क्वचित घराण्यात उतरतो, तिला धाप लागते, दंडावर काळेनिळे डाग पडतात, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. मला मुद्दाम कळवलं नाही, मी इथे एकटी, उगाच घाबरले असते. रिपोर्ट कधीच आला म्हणे, अगदी स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, मग प्रश्न मिटला, थकवा आहे नुसता, पुढच्या तपासण्या नकोत. हसत होती. मीही हसले. किती दिवसांनी हसले!

आमच्या जुन्या हॉस्पिटलातच रक्त दिलं होतं. चष्मेवालीला शपथ घातली होती, मला सांगायचं नाही अशी. चष्मेवाली म्हणाली होती की काळजी करू नका, नुसत्या नंबरवर पाठवते, नाव कळणारच नाही, आणि माझ्या माहितीतल्या सगळ्यात चांगल्या डोळ्यांखालून घालते.

सगळ्यात चांगले डोळे

मंगळवार, ४ मार्च

वहीची पानं मागे उलटली. अकरा फेब्रुवारी. माझंच अक्षर. ‘४१७ मध्ये कडेला चिमूटभर चमक होती. हात सवयीने गेला.’

बिस्किटाचा पुडा मागितला होता मी. बिस्किटाचा पुडा!

चष्मेवालीला फोन केला. आडून आडून विचारलं. ती खूश, म्हणाली कळलं का शेवटी, हो गं, चारशे सतरा म्हणजे तुझी ताईच. मग म्हणाली, का, काही दिसलं होतं का तुला?

मी म्हटलं, नाही.

नाही म्हटलं मी. परत. जीभ झडली कशी नाही माझी.

बुधवार, ५ मार्च

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर ४१७ उघडला. मूळ फोटो हवा होता, पुरावा म्हणून. मूळ नाही. मी कापलेला मुळावर ठेवलाय, जुन्या सवयीने. काळा फोटो. स्वच्छ. दोनदा तीच चूक, त्याच हाताने, मायलेकी दोघींवर—

नमुना संपलाय. परत करायचं तर ताईने परत रक्त द्यायला हवं. ती का देईल? तिच्याकडे स्वच्छ रिपोर्ट आहे. कुणीतरी तिला सांगायला हवं की रिपोर्ट खोटा आहे. ते जगात एकाच माणसाला माहीत आहे.

मावशी रागावलेली नाही. इतके दिवस मी स्वतःचंच रडत बसले, मावशी मला छळते, मावशी सूड घेते. तिला माझं काही पडलेलंच नाही. तिला तिची पोर वाचवायची आहे. अकरा तारखेनंतर दोन दिवसांत सुरू झालं हे सगळं. निरोप आहे तो. पोचत नाही म्हणून विरघळत नाही. आणि पोचवणारी मी.

गुरुवार, ६ मार्च

फोन हातात घेतला, ठेवला. सहा वेळा.

माझ्याकडून चूक झाली, परत रक्त दे, एवढं सांगितलं तर ताई माफ करेल. लगेच करेल. पण मग ती थांबेल, विचार करेल. वेडी नाही ती. आणि विचारेल— आईचं पण तूच बघितलं होतंस ना?

तीन आठवडे गेलेत. मावशीला साडेतीन महिने मिळाले होते. प्रत्येक दिवस— आणि मी वही लिहीत बसलेय.

नखं आता उजेडातही दिसतात. दाढी बघत होता. त्याला दिसली का माहीत नाही. चहा ठेवून गेला.

शुक्रवार, ७ मार्च

सकाळचे अकरा. काळी खोली. पडदा ओढलाय. रिकामी डिश लावलीय— खाली ४१७.

फोन टेबलावर, आवाज मोठा. हातात पेन आहे. लिहीत राहिले तर पळून जाणार नाही. काय बोलायचं ते आधी लिहिते, मग नुसतं वाचायचं—

ताई, ४१७ नंबर तुझा होता. त्यात उजेड होता, मी कापला.

मावशीचाही मीच कापला.

आजच्या आज रक्त दे.

बस. एवढंच. लहान पोरगीसुद्धा वाचेल.

रिंग जातेय.

उचलला. जिन्यात आहे. धाप— इथवर ऐकू येते तिची धाप. हसतेय, कामाच्या वेळी कसा काय फोन केलास, विचारतेय. बरी आहेस ना, विचारतेय. मला विचारतेय ती, बरी आहेस ना—

वाच. समोर आहे. वाच—

म्हणाले, काही नाही गं. सहज.

सहज

नखं विझली. दहाही. एकदम.

स्क्रीनवर— शून्य. महिन्यात पहिल्यांदा. किती अंधार आहे इथे. अंदाजाने लिहितेय, ओळीवर ओळ जात असेल—

मावशी? मावशी, थांब, जाऊ नकोस, मी सांगते, आत्ता सांगते—

ताई बोलतेय अजून. अगं, गंमत बघ, म्हणते. जिन्यातला दिवा गेलाय म्हणते, आणि माझी नखं बघ ना, हिरवी दिसतायत, आत्ताच, हे काय असेल गं—

हसतेय.

तू शिकलीस ना या सगळ्यातलं, म्हणते. तूच सांग. तुझ्या डोळ्यावर माझा—

ताई, मी